सिरोंच्यातले दोन गरम वाघ

माझ्या समाजसेवेमुळे एक अख्खं गाव भर दुपारी बारा वाजता दाराला कड्या घालून बसलं होतं.

(चूक कुणाची, हा वाद घरात अजून चालू आहे. म्हणजे वाद घालतो मी एकटाच. बाकीच्यांच्या मते निकाल केव्हाच लागलेला आहे.)

मी मूळचा वरोऱ्याचा. एकतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे काचेच्या खोलीत बसून 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे' म्हणणारा माणूस. भोंगा बिघडला तरी दुरुस्तीसाठी मी कधी अर्ज केला नाही, कारण माझ्या आवाजापुढं तो बिघडलाय हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही! निवृत्त झालो तेव्हा मुलाची नोकरी सिरोंच्याला होती, म्हणून मी आणि बायको सुशीला त्याच्याकडे राहायला आलो. सिरोंचा म्हणजे गोदावरीच्या काठावरचं गाव. पलीकडे तेलंगण. अर्धं गाव तेलुगू बोलतं आणि उरलेलं अर्धं वाक्य मराठीत सुरू करून तेलुगूत संपवतं.

नोकरी सुटली, पण घसा सुटला नाही. सुनेनं चहा ठेवला की मी जाहीर करायचो, "चहा फलाट क्रमांक दोनवर लागत आहे!" पहिल्या आठवड्यात सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात कुणी हसेना. तिसऱ्या आठवड्यात सुनेनं चहा चोरून करायला सुरुवात केली. चौथ्या आठवड्यात मुलगा एक छापील अर्ज घेऊन आला.

"बाबा, इथी ज्येष्ठ नागरिकाइचं मंडळ हाये. रिटायर मानसं गावासाठी काम करतात."

"चांगलं हाये. कधी जाऊ?"

"रोज जा. दोन्ही टाइम जा," सून आतून म्हणाली.

मंडळाचे सेक्रेटरी सलीमभाई. मंडप-डेकोरेशनचा धंदा पोरांच्या हाती देऊन मोकळे झालेले, सत्तरीचे, दाढीला मेंदी. त्यांच्याकडे एक मालवाहू ऑटो होता, एक भोंगा होता आणि माझ्यासारख्यांना सहन करायची ताकद होती. त्यांनी मला पहिलं काम दिलं दवाखान्यात. रांगेतल्या पेशंटचे नंबर पुकारायचे, बस. आता जीभ तर जुन्याच रस्त्यानं जाणार! 'नंबर चौदा' म्हणायचं सोडून मी म्हणून गेलो, "नागपूरला जाणाऱ्यांनी त्वरित गाडीत बसून घ्यावे!" रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं, आपल्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवतायत. एकीनं तिथंच गळा काढला. दुसरीनं लुगडी आणायला सुनेला घरी पिटाळलं. दोघींना साधा खोकला होता!

मग मला झाडांना पाणी घालायचं काम मिळालं. यात बोलायचं काहीच नव्हतं. मी पंधरा दिवस एका रोपाला जीव लावून पाणी घातलं. सलीमभाई पाहायला आले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, "कंट्रोलरभाई, ये तो बेशरम है!"

"असं नका बोलू, आता कुठी जीव धरून राह्यलं थे."

"अरे भाई, झाड का नाम बेशरम है! याले पानी नाई लागत. याले कोनी मारू बी नाई शकत!"

(मला नेमून दिलेलं रोप त्यांनी पाहिलं नाही. ते सुकलं होतं. ते वेगळं.)

इकडे घरी वेगळाच घोर होता. सुशीलाचं सिरोंच्यात मन लागत नव्हतं. वरोऱ्याला आमच्या गल्लीत तिच्या बारा मैत्रिणी आणि चौदा भांडणं होती. इथं वर्षभर ती भाजीवालीशी बोटांनी बोलत होती. शेजारणी चांगल्या, पण सगळ्या तेलुगू. त्या हसायच्या, ही हसायची, आणि दोन्हीकडची दारं बंद व्हायची. एके दिवशी पाहतो तर तिनं माळ्यावरची बॅग खाली काढलेली.

"हे काय?"

"मी चालली वरोऱ्याले. तुमी राहा लेकापाशी."

"काऊन? कोनी काई बोललं काय?"

"कोनी बोलतच नाई ना, म्हनूनच चालली!"

अडतीस वर्षांत ती माझ्याशिवाय आठ दिवसांच्या वर कुठं राहिली नव्हती. मी तर तिच्याशिवाय चार दिवससुद्धा नाही, कारण पाचव्या दिवशी माझ्या हातचं मलाच खाववत नसे.

नेमकं त्याच आठवड्यात सलीमभाई लक्ष्माक्काला घेऊन आमच्याकडे आले. लक्ष्माक्का म्हणजे मंडळातल्या सगळ्यात जुन्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात आयुष्य गेलेलं. मराठी मोडकं, पण आवाज खणखणीत. त्यांचं म्हणणं असं, की गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं सव्वीस आहेत. त्यातली निम्मी एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा करून नुसतं पाणी पिऊन झोपतात. तर दर गुरुवारी दुपारी समाजमंदिरात त्यांची पंगत घालायची. शिजवायला एक जोडीदारीण हवी.

लक्ष्माक्कानं सुशीलाकडं बोट दाखवलं. "नुव्वु. तू. येते?"

सुशीलानं बॅगेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"एक गुरवार करून पाह्यतो," ती म्हणाली. "जमलं त राहीन. नाई जमलं त शुक्रवारची पहिली गाडी."

म्हणजे माझा उरलेला संसार एका गुरुवारवर आला!

तो आठवडा घरात काय गंमत होती! दोघी बाया एकमेकींची भाषा न कळता तासन् तास बोलायच्या. फोडणीचा वास घ्यायच्या आणि माना हलवायच्या. भात कुठला करायचा ते ठरलं. चिंचेचा कोळ घालून, शेंगदाणे, हळद, कढीपत्ता. मऊही होतो आणि टिकतोही. सुशीला त्याला 'चिंचेचा भात' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायचो. लक्ष्माक्का त्याला काय म्हणतात, हे विचारायची अक्कल मला झाली नाही.

तेवढ्यात सलीमभाईंनी मला बोलावलं. म्हणाले, "म्हातारे लोक घंटाभर पहले येऊन उन्हात बसतात. तुमी चौकातल्या मंडळाच्या खोलीत भोंग्यापाशी बसा. भात समाजमंदिरात पोचला का लक्ष्माक्का तुमाले फोन करतीन. मग अनाउन्स करा, का या म्हनून. बस इतनाच. हे तरी जमते ना?"

अपमान गिळून मी हो म्हटलं.

इथं माझ्या तेलुगूबद्दल सांगायला हवं. वर्षभरात मी तीन शब्द शिकलो होतो. एक 'वच्चिंदी', म्हणजे आली. हा धंद्याचा शब्द. 'बस वच्चिंदी' म्हटलं की काम होतं. दुसरा 'रेंडु', म्हणजे दोन. आणि तिसरा, पण शिकलो सगळ्यात आधी, तो 'पुली'. पुली म्हणजे वाघ. आता चंद्रपूर जिल्ह्यातला माणूस परक्या गावी गेला तर पाण्याला काय म्हणतात हे विचारत नाही, वाघाला काय म्हणतात हे विचारतो. आमच्याकडे वाघ शेतात येतो, रस्त्यावर बसतो, पाहुण्यांच्या गप्पांत तर रोजच येतो. सिरोंच्याचे लोक मला म्हणायचे, इकडे एवढा नाही येत. मी मनात म्हणायचो, येईल. मी आलोय ना आता!

गुरुवार उजाडला. अकरा वाजता मी भोंग्यापाशी बसलो. सुशीला, लक्ष्माक्का आणि सलीमभाई भात घेऊन ऑटोनं समाजमंदिराकडे गेले. पावणेबाराला फोन वाजला. आमच्याकडे मोबाईलची तऱ्हा अशी, की तो नदीपलीकडचा टॉवर पकडतो, सोडतो, पुन्हा अलीकडचा पकडतो. माणूस खुर्चीत बसल्या बसल्या चारदा तेलंगणात जाऊन येतो.

"हॅलो! कंट्रोलर गारू!" लक्ष्माक्का ओरडत होत्या. "पुलि... खर्रर्र... वच्चिंदी!"

मी खुर्चीतून उठलोच.

"काय वच्चिंदी?"

"पुलि... खर्रर्र... समाजमंदिरात वच्चिंदी! सगळ्याले सांगा!"

"किती हायेत?"

"दोन! रेंडु! मोठे मोठे!" (मागाहून कळलं, मोठे म्हणजे गंज, आमच्याकडची पातेली. दोन मोठे गंज भरून भात होता.)

"अरे बापा! काई करून राह्यले काय थे?"

"गरम हाय! लय गरम! लवकर सांगा!"

दोन वाघ, मोठे, आणि वर तापलेले! माझा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बारीक झाला. "अन्... सुशीला कुठी हाये?"

"सुशीलाबाई इथंच! तिनं वरून चादर टाकून झाकलं!" आणि फोन तेलंगणात गेला तो गेलाच.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, वाघावर चादर टाकून कुणी झाकतं का? इथं तरी माणसाला संशय यायला हवा होता. पण तुम्ही सुशीलाला ओळखत नाही. अडतीस वर्षांच्या संसारानंतर मला त्यात अशक्य असं काहीच वाटलं नाही.

मी भोंग्याचा खटका दाबला. वर्षानंतर हातात माइक आला होता. खरं सांगतो, भीतीत थोडा आनंदही मिसळलेला होता.

"नागरिकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! समाजमंदिरात दोन मोठे वाघ आलेले आहेत! वाघ अत्यंत गरम आहेत! नागरिकांनी आपापल्या घरात बसून घ्यावे! पुली वच्चिंदी! रेंडु पुली वच्चिंदी!" आणि सवयीनं पुढचंही तोंडातून गेलंच, "वाघ किती वेळ थांबतील याची चौकशी खिडकीवर करू नये!"

दोन मिनिटांत चौक साफ! शिंप्यानं शटर ओढलं. न्हाव्यानं अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला खुर्चीसकट आत घेतलं. मासळीवाली टोपली टाकून पळाली आणि गावातल्या मांजरांनी तो दिवस साजरा केला. चौकात उरली फक्त एक बकरी. तिला ना मराठी येत होतं, ना तेलुगू.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की गाव वाचलं खरं, पण बायको वाघांपाशी आहे! मी माइकचा लोखंडी दांडा उपसला आणि निघालो. रस्त्यानं "सुशीलाऽऽ! सुशीलाऽऽ!" अशा आरोळ्या ठोकत होतो. (बंद दारांमागच्या लोकांनी नंतर सांगितलं, की डरकाळी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली.)

समाजमंदिराचं दार आतून बंद. मी दांड्यानं ठोकलं. आत किंकाळी!

"सुशीला! दार उघड!"

"उघडू नका भाबी!" सलीमभाईंचा आवाज. "बाहर शेर है!"

"शेर नाई, मी हावो!"

"अवो, तुमी बाहेर काहाले आले?" सुशीला आतून ओरडली. "पळा! वाघ हाये ना बाहेर!"

"बाहेर नाई हाये! आत हाये!"

"आत?" यावर आत जी पळापळ झाली ती मला फक्त ऐकू आली. काहीतरी आदळलं. सलीमभाई कशावर तरी चढले असावेत, कारण पुढचा आवाज छताजवळून आला. "आत कुठी है? तुमीच भोंग्यावर बोलले ना, का शेर आया म्हनून! आमी आयकून कडी लावली!"

"मले लक्ष्माक्कानं सांगतलं!"

मग लक्ष्माक्का सावकाश म्हणाल्या, "मी सांगितलं? मी बोलली, पुलिहोरा वच्चिंदी."

"तेच त! पुली वच्चिंदी!"

"पुली नाही ओ. पुलिहोरा. पु-लि-हो-रा!"

"पुलिहोरा म्हंजे?"

दार उघडलं. दारात सुशीला उभी. हातात झारा.

"चिंचेचा भात, माह्या बापा!" ती म्हणाली. "चिंचेचा भात!"

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. दोन मोठे गंज. गरम. वरून चादर टाकून झाकलेले.

माझी शोभा एवढ्यावर संपावी, तर वनखात्याची जीप जाळं घेऊन दारात थांबली. कुणीतरी फोन केला होता. कामसू माणसं, दहा मिनिटांत हजर. तरण्या वनरक्षक मॅडम पुढं आल्या.

"वाघ कुठी हायेत?"

सुशीलानं झाऱ्यानं गंज दाखवले. मॅडमनी चादर उचलली, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं.

"काका, हा त भात हाये."

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मी धावत चौकात गेलो आणि भोंग्यावरून जाहीर केलं, की वाघ नाही, भात आहे, सगळ्यांनी जेवायला यावं. कुणी कडी काढेल तर शपथ! वरच्या एका खिडकीतून एक म्हातारा तेवढा ओरडला, "वाघाचा भात झाला म्हने! आमाले येडे समजून राह्यले काय बे?"

एक वाजला. सव्वीस पत्रावळी मांडलेल्या. एकही माणूस नाही. सुशीला भिंतीला टेकून बसली होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावलीच नाही.

"उद्या पहिली गाडी किती वाजता हाये?" तिनं हळूच विचारलं.

एकतीस वर्षं मी झोपेतसुद्धा गाड्यांच्या वेळा सांगितल्या. त्या क्षणी मला एकही आठवेना. देवाशपथ, आठवेना!

"सुशीला," मी म्हटलं, "पब्लिक गाडीपाशी येत नसन त गाडी पब्लिकपाशी न्या लागते. सलीमभाई, ऑटो काढा. गंज चढवा. सव्वीस घरं, सव्वीस थांबे."

"दार कोन खोलेगा?" सलीमभाईंनी विचारलं.

वनरक्षक मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "आमची जीप पुढं ठेवतो. आमी हावो म्हटलं का उघडतीन."

अशी ती वरात निघाली. पुढं जीप, मागं ऑटोत दोन वाघ, त्यांच्यामध्ये सुशीला, आणि लक्ष्माक्का बाहेर झुकून ओरडतायत, "पुलि-होऽऽरा! पुलि-होऽऽरा!" 'होरा'वर एवढा जोर, की पलीकडच्या काठावर कुणी वाघाला भीत असेल तर त्याचीही भीती गेली असेल. मला बोलायची बंदी होती. मी बोटांनी थांबे दाखवत होतो.

सातवं की आठवं घर पोशय्यांचं. जुने कोळी, ऐंशीच्या पुढचे, नदीच्या अंगाला एकटेच राहणारे. त्यांचं दार सताड उघडं! खाटेवर बसलेले. लक्ष्माक्कानं विचारलं, वाघ आला ऐकूनही दार का लावलं नाही? ते तेलुगूत काहीतरी म्हणाले.

"काय म्हन्ते?" सुशीलानं विचारलं.

"बोलतो, गुडघ्यानं उठता येत नाही. मग म्हटलं, येऊ दे वाघ. तेवढंच कोणी तरी घरी आलं."

सुशीलानं पत्रावळ वाढली. पोशय्यांनी घास घेतला, चावला, आणि बोट वर करून म्हणाले, "उप्पु तक्कुवा."

लक्ष्माक्का अर्थ सांगायला तोंड उघडणार, तोच सुशीला कमरेला पदर खोचून उभी!

"मीठ कमी म्हन्ता ना? कळलं मले! मीठ बराबर हाये! किती दिस झाले जेवून तुमाले? बिन जेवल्या जिभेले काय चव लागते?"

पोशय्यांनी तेलुगूत उत्तर दिलं. तिनं वऱ्हाडीत परतवलं. त्यांनी पत्रावळ वाजवली, तिनं झारा वाजवला. दहा मिनिटं दोघं तावातावानं भांडले, एकमेकांचा एक शब्द न कळता, आणि मधल्या मधे म्हाताऱ्यानं दोनदा भात मागून घेतला.

"पुढच्या गुरवारी मीठ संगं आनतो," निघताना सुशीलानं दम दिला. "पाह्यतोच तुमाले!"

पुढच्या गुरुवारी! मी सलीमभाईंकडं पाहिलं. त्यांनी मेंदीची दाढी कुरवाळत आभाळाकडं पाहिलं. वर्षभरात माझ्या बायकोचं सिरोंच्यातलं हे पहिलं भांडण. ही बाई आता कुठली जाते!

संध्याकाळी एकेका घराची आठवण काढता काढता एक गोष्ट ध्यानात आली. सव्वीसातल्या नऊ जणांना समाजमंदिरापर्यंत चालताच येत नव्हतं. आम्ही ठरल्याप्रमाणे पंगत घातली असती, तर हे नऊ जण उपाशीच राहिले असते आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. तेव्हापासून पंगत बंद, घरपोच भात सुरू. आता भाजी, वरण, कधी सुशीलाच्या हातची भाकरही जाते. सुशीलाचं तेलुगू फर्डं झालंय, कारण तिची भांडणं आता सात घरांत चालू आहेत. बॅग माळ्यावर आहे. तीत पत्रावळी ठेवतो.

आणि मी? त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाची सभा झाली. सलीमभाईंनी भोंगा कुलपात ठेवायचा आणि मला निलंबित करायचा ठराव मांडला, लक्ष्माक्कानं अनुमोदन दिलं, माझ्या बायकोनं दोन्ही हात वर केले. मी रीतसर अपील केलं, स्वतःची बाजू मांडली (हळू आवाजात), आणि तासभर चर्चा होऊन माझ्यावर दया दाखवण्यात आली. बिनपगारी कामावरून निलंबित होऊन, अपिलात जाऊन, गंज घासायच्या जागेवर पुन्हा रुजू झालेला सिरोंच्यातला मी पहिलाच कर्मचारी असेन!